बापूसाहेबांनी टीव्ही थांबवला

केडगावात पुणे रस्त्याला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सुरू केलं, आता तिची मुलगी शाळेत जाते. एवढ्या काळात नवीन गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मात्र बदललेला नाही. दारातून आत डोकावायचं, माझ्याकडं बघायचं, मग माझ्या मागं बघायचं आणि विचारायचं, साहेब कुठायत? साहेब, म्हणजे माझे यजमान, बँकेत होते. त्यांना माऊसचा सेल कुठल्या बाजूनं बसतो हे आजही विचारावं लागतं. तसं मी सांगते. त्यावर काही लोक नंतर येतो म्हणून जातात, काही नाइलाजानं मशीन टेबलावर ठेवतात. बापूसाहेब हे नाइलाजानं ठेवणाऱ्यांपैकी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही कॉम्प्युटर विकतो. खरं तर आम्ही जागा विकतो. फोटो ठेवायला जागा, हिशेब ठेवायला जागा, मुलाच्या लग्नाचं सगळं शूटिंग ठेवायला जागा. आपल्याला किती लागते हे गिऱ्हाइकाला कधीच माहीत नसतं. मेव्हण्याकडं किती आहे हे मात्र पक्कं माहीत असतं, आणि त्याच्यापेक्षा थोडी जास्त हवी असते. सावेडीतल्या एका डॉक्टरांनी अख्ख्या दवाखान्याचे एक्सरे मावतील एवढी डिस्क घेतली. वर्षानं मशीन साफ करायला आलं, तर आत गणपतीची आरती आणि नातवाचे काही फोटो. जागा मोठी घेतली की माणसाला आपणही तेवढे झालो असं वाटत असावं.

बापूसाहेब आमच्या भागातल्या एका सहकारी सोसायटीचे माजी चेअरमन. माजी हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारत नाही. गाव केडगावपासून आत, पण बंगला केडगावात. त्यांना एक सवय जडलेली होती: ते बोलायला लागले की समोरचं सगळं थांबायचं. ड्रायव्हर गाडी बंद करायचा, भाजीवाली तराजू खाली ठेवायची, घरात मिक्सर बंद व्हायचा. थांबायचा नाही तो फक्त टीव्ही.

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांनी तक्रार अगदी गंभीरपणे मांडली. "म्याडम, त्यो टीव्ही आमचं ऐकत न्हाई." संध्याकाळच्या बातम्यांत चर्चा लागायची. चर्चेत कुणी ऊस, पाणी, बँक असा शब्द काढला की बापूसाहेब सोफ्यावरून त्याला उत्तर द्यायचे. त्यांचं उत्तर ऐसपैस असायचं, नावं, गावं, जुने प्रसंग यांच्यासकट. ते संपेपर्यंत टीव्हीवरची माणसं दुसऱ्याच विषयावर भांडायला लागलेली असायची. हा त्यांना अपमान वाटायचा. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं कधीतरी सांगितलं होतं की कॉम्प्युटरवरून लाइव्ह टीव्ही थांबवता येतो, मागंही नेता येतो. मुलानं जुना कॉम्प्युटर पाठवून दिला आणि बाकीचं माझ्यावर आलं.

मी त्यांना समजावलं, ते इथंही सांगते. लाइव्ह टीव्ही कुणाच्या बापाला थांबत नाही. थांबतं ते आपलं बघणं. तिकडून जे येत असतं ते कॉम्प्युटर एका जागी साठवत राहतो. तुम्ही बटण दाबलंत की पडद्यावरचं चित्र जागच्या जागी राहतं, पण मागं साठवण चालूच असते. परत सुरू केलंत की कॉम्प्युटर साठवलेलं वाचून दाखवायला लागतो. म्हणजे थांबवल्यानंतर तुम्ही जे बघता ते लाइव्ह नसतं, शिळं असतं. आणि ठेवलेली जागा भरली की तो सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. बापूसाहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, कधी बसवता?

आता प्रश्न जागेचा. त्यांनी पहिल्यांदा खिशातून एक पेनड्राइव्ह काढून दिला. कुठल्यातरी मेळाव्यात फुकट मिळालेला, वर पुढाऱ्याचा फोटो. मी म्हटलं, हे टिकणार नाही. टीव्ही चालू आहे तोवर यावर लिहिणं-पुसणं चालूच राहणार, तुम्ही थांबवा किंवा नका थांबवू. एवढ्याशा जिवाला ते सोसत नाही. त्यांनी हट्ट धरला. थोड्याच दिवसांत पेनड्राइव्ह चहाच्या कपासारखा तापला आणि गेला. फोटोतला पुढारी मात्र हसतच होता.

मग कॉम्प्युटरच्या आतल्याच डिस्कवर लावून बघितलं. ती म्हातारी. एकाच वेळी मशीनही चालवायचं, टीव्हीही लिहायचा आणि वाचूनही दाखवायचा, हे तिला जमेना. चित्र अडखळायचं. मग मी रॅममध्ये जागा करून दिली. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू आठवण. वेगवान, आवाज नाही, लिहून लिहून झिजण्याची भीती नाही. दोष दोनच. जागा थोडी, आणि वीज गेली की तिला काहीही आठवत नाही. एका संध्याकाळी बापूसाहेबांनी एका मंत्र्याला वाक्याच्या मध्यावर थांबवलं आणि खरपूस उत्तर दिलं. उत्तराचा शेवट चालू असताना वीज गेली. आली तेव्हा मंत्र्याच्या जागी शांपूची जाहिरात. बापूसाहेबांनी मला फोन करून सांगितलं की तो पळाला.

शेवटी मी माझं मत सांगितलं, जे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. एक छोटी वेगळी एसएसडी घ्या. हिच्यात फिरणारं काही नसतं, आवाज नाही, पटकन वाचते. लिहून लिहून तीही झिजते, पण त्याला काही वर्षं जातील, तेव्हा बदलू. तिच्यावर अर्ध्या तासाची जागा ठेवू. माणसाला फोन आला, दारात कुणी आलं, तर अर्धा तास पुष्कळ झाला. तेवढ्यात परत आला नाहीत तर जुनं पुसलं जाईल आणि कॉम्प्युटर आपोआप तुम्हाला पुढं नेईल.

इथं त्यांच्या कपाळावर आठी आली. "म्हंजे त्ये मला ढकलनार?"

मी म्हटलं, ढकलणार असं नाही, पण हो, थोडं पुढं सरकवणार.

ते त्यांना मानवण्यासारखं नव्हतं. आमचं सगळं मोठं असतंय, म्हणाले, मोठ्यातली मोठी लावा. मग मी सीसीटीव्हीसाठी मिळते तसली मोठी हार्ड डिस्क आणली. रात्रंदिवस लिहीत राहण्यासाठीच ती बनवलेली असते. टीव्हीसाठी वाईट नाही, उलट तिच्याइतकी सोशिक वस्तू आमच्या धंद्यात दुसरी नाही. पण एवढी जागा म्हणजे माणूस सकाळचा टीव्ही थांबवून दिवसभर कुठंही फिरून आला तरी मशीन त्याची वाट बघत बसणार. मी हे सांगितलं. त्यांना ते दोष म्हणून ऐकूच आलं नाही.

बसवल्यावर बापूसाहेब खूश झाले आणि हळूहळू जगाच्या मागं राहायला लागले. सकाळच्या बातम्या थांबवत, उत्तरं देत, जेवत, झोपत, पुन्हा उत्तरं देत दुपार टळून गेल्यावर संपवायचे. क्रिकेटची मॅच असली की शेजारी आधी आरडाओरडा व्हायचा आणि यांच्या घरात तो फलंदाज अजून खेळतच असायचा. भेटायला येणारी मंडळी मोबाईल बघून आधीच निकाल सांगायची, त्याचा त्यांना संताप यायचा. म्हणून नियम केला. हॉलच्या दाराशी एक पितळी परात ठेवली. येणाऱ्यानं मोबाईल आवाज बंद करून परातीत ठेवायचा, वर कापड टाकायचं, मग आत यायचं. हा नियम सगळ्यांना होता, फक्त त्यांच्या बायकोला, सुशीलाकाकूंना नव्हता. काही मेहरबानी म्हणून नव्हे. काकूंना कुणी बातमी कळवायला फोन करील असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

अशात पंचायत समितीची निवडणूक लागली. बापूसाहेबांनी कपडे शिवायला टाकले होते, पण त्यांच्या गणाची, म्हणजे मतदारसंघाची, जागा बाईसाठी राखीव निघाली. मग त्यांनी सुनेला, अश्विनीला उभं केलं. अश्विनी माहेरची पाथर्डीकडची. वडील शाळामास्तर, ती स्वतः बी.एड. झालेली, लग्नाआधी दोन ठिकाणी शिकवून आलेली. बॅनरवर बापूसाहेबांचा फोटो मोठा, हात वर केलेला. कोपऱ्यात अश्विनीचा छोटा, हात जोडलेला. भेटेल त्याला बापूसाहेब सांगायचे, या टायमाला आमी उभं हाय. अश्विनी त्यांच्या शेजारी हात जोडून उभी असायची. पण सभा संपल्या की ती एक जीप घेऊन चार बायकांबरोबर वस्त्यावस्त्यांवर जायची. शाळेत मुलींना संडास नाही, नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, अंगणवाडीचं छत गळतं, असं ऐकून यायची. बापूसाहेबांना याचा पत्ता होता, महत्त्व वाटत नव्हतं. फिरून आली की बरी दमती, गप बसती, एवढंच ते म्हणायचे.

मतमोजणीच्या दिवशी अश्विनी आणि पुण्याहून आलेला तिचा नवरा सचिन मोजणीच्या जागी गेले. बापूसाहेब गेले नाहीत. मांडवात घोळक्यात उभं राहून वाट बघणं त्यांच्या मोठेपणाला शोभणारं नव्हतं. त्यांनी बंगल्यातच बैठक भरवली. हॉलमध्ये कार्यकर्ते, मध्ये मोठा टीव्ही, अंगणात गुलालाची पोती. गावातला केबल चॅनेल मोजणी थेट दाखवणार होता. मशीन ऐनवेळी दगा देऊ नये म्हणून मला सकाळपासूनच बोलावून कॉम्प्युटरशेजारी बसवलं. माझाही मोबाईल परातीत.

पहिल्या फेरीत अश्विनी पुढं होती. बापूसाहेबांनी टीव्ही थांबवला आणि आपण कसं कुठल्या गावाला काय सांगितलं ते सांगितलं. दुसऱ्या फेरीत थोडी मागं पडली. परत थांबवला आणि कुणी गद्दारी केली असेल याची चर्चा झाली. पडद्याच्या तळाशी एक पट्टी असते. आपण कुठं आहोत आणि पुढं किती साठून पडलंय ते तिच्यावर दिसतं. पुढचा भाग वाढत चालला होता. मी दोनदा सांगितलं की बापूसाहेब, आपण बरेच मागं आहोत, निकाल कदाचित लागूनही गेला असेल. ते म्हणाले, शिळं झालं म्हनून काय झालं, आपलंच हाय. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसले भाऊसाहेब. हे बापूसाहेबांचे डावे-उजवे दोन्ही हात. सकाळपासून हार घेऊन बसलेले, हार सुकू नये म्हणून मधून मधून पाणी शिंपडत होते.

मग शेवटची फेरी आली. पडद्यावर दोघींचे फोटो आले, खाली आकडे, आणि अश्विनीच्या फोटोखाली लाल पट्टीत शब्द: पराभूत.

बापूसाहेबांनी रिमोट उचलला आणि टीव्ही थांबवला. पडद्यावर अश्विनी हात जोडून, खाली तो शब्द, तसंच राहिलं. मग ते उभे राहिले आणि बोलायला लागले.

त्यांचं भाषण मी पूर्ण ऐकलं. हरण्याचं दुःख त्यात फार नव्हतं. आपण हरलो नाही, ती हरली, हे ठसवायचं होतं. सकाळपर्यंत आमी उभं होतो, आता ती उभी होती. बाईमाणसाला पुढं केलं की असंच व्हायचं, म्हणाले. आपलं नाव सांगून मतं मागायची सोडून ही वस्त्यांवर संडासाच्या गोष्टी करत हिंडली. मास्तराची पोरगी, तिला राजकारण म्हणजे शाळा वाटली. पुढच्या वेळी पुतण्याला उभं करायचं, हे त्यांनी तिथंच जाहीर केलं. जिंकलेल्या पार्टीला संध्याकाळी आपण स्वतः फोन करू, जुने संबंध आहेत, सभापती त्यांचा करू पण कामं आपली होतील, हेही सांगितलं. सुनेनं आता घर बघावं. प्रत्येक वाक्याला माना हलत होत्या. भाऊसाहेबांनी तर सांगितलं की त्यांना हे आधीपासूनच दिसत होतं, फक्त बापूंचं मन मोडू नये म्हणून ते बोलले नव्हते.

भाषण चालू असताना दाराजवळची परात घुमायला लागली. आवाज बंद केले तरी मोबाईल थरथरतात, आणि पितळेवर एवढे सगळे एकदम थरथरले की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाटतं. कापड हलत होतं. मी म्हटलं, थोडं पुढं घेऊ का? बापूसाहेबांनी माझ्याकडं न बघता पंजा उभा केला आणि परातीवर अजून एक चादर टाकायला सांगितली.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या, फोन नुकताच कानावरून काढलेला. डोळे भरलेले, पण चेहरा वेगळाच. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आली निवडून. सचिनचा फोन हुता. टीव्हीवाल्यांनी दोघींचं आकडं उलटं लावलं, लगीच माफी मागितली म्हनं."

मी चटकन वळले. काकूंनी माझा हात धरला. हॉलमधून बापूसाहेबांचा आवाज येत होता. सून, मास्तर, संडास. काकूंनी तो नीट ऐकला, मग गॅसवरचा चहा गाळायला घेतला.

"बसा जरा म्याडम. त्यांचं व्हऊ द्या बोलून. लई वरसांनी मन मोकळं करत्यात."

मी परत जाऊन कॉम्प्युटरशेजारी बसले. माझं काम मशीन चालवायचं. घरातली बातमी घरच्या माणसानं सांगावी, आणि घरच्या माणसाला घाई नव्हती. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. बापूसाहेब बोलत असताना चहा द्यायची पद्धत त्या घरात नव्हतीच, त्यामुळं त्यांचं थांबणं कुणाला वेगळं वाटलं नाही. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. मला समोरच्या पट्टीवर दिसत होतं की खरी बातमी त्या डिस्कमध्ये कधीच येऊन पडलेली आहे. बापूसाहेबांच्या बोटापासून ती थोड्याच मिनिटांवर होती. छोटी डिस्क असती, अर्ध्या तासाची जागा असती, तर एवढ्या भाषणात मशीननं त्यांना मुकाट्यानं पुढं नेलं असतं. पण मोठ्यातली मोठी होती. तिला घाई करायचं कारण नव्हतं.

जरा वेळानं भाऊसाहेब उठले. गाईला वैरण टाकायची राहिली म्हणाले. हार हातातच होता. त्यांनी चादर उचलून आपला मोबाईल काढला, खिशात टाकला आणि निघाले. त्यांच्या मागं अजून दोघांच्या गाईंना भूक लागली. त्या तिघांकडं गाई आहेत की नाहीत मला माहीत नाही, पण फटफट्या ज्या दिशेला गेल्या तिकडं विरोधी पार्टीचं ऑफिस होतं.

बापूसाहेब पुतण्याच्या उमेदवारीवर आले होते, तेवढ्यात त्याच फटफट्या जोरात परत आल्या. भाऊसाहेब धापा टाकत आत शिरले. हार तोच. विरोधकांच्या ऑफिसवर चिटपाखरू नव्हतं, मंडप उतरवत होते, आणि तिथल्या माणसानं यांना पाहून विचारलं होतं की इकडं कसं काय, तुमच्यात तर गुलाल उधळतोय. हे अर्थात मला मागून कळलं. आत येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की बापू, आपण निवडून आलो.

बापूसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं. ते म्हणाले, समोर दिसतंय न्हवं, डोळं फुटलं का? भाऊसाहेब म्हणाले, ते जुनं आहे. बापूसाहेब म्हणाले, टीव्ही खोटं बोलतो का मग? चार महिने रोज त्या टीव्हीला खोटारडा म्हणणारा माणूस त्या दिवशी नेमका त्याच्या बाजूनं उभा राहिला. दोघं हुज्जत घालत होते आणि रस्त्यावरून हलगीचा आवाज जवळ येत होता. एक जण म्हणाला, मुद्दाम आपल्या दारावरून मिरवणूक नेतायत. दुसऱ्यानं खिडक्या लावून घेतल्या.

मिरवणूक दारावरून गेली नाही, दारात थांबली. जीपमधून बायका उतरल्या, आणि त्यांच्यात अश्विनी. डोक्यापासून पायापर्यंत गुलाल, चष्म्याच्या काचा पुसून पुसून गुलाबी झालेल्या. ती हसत हसत आत आली आणि मध्येच थांबली. हॉलमधली सगळी माणसं तिच्याकडं तोंड करून उभी होती, आणि त्यांच्या मागं भिंतीवर तिचाच फोटो, हात जोडलेला, खाली पराभूत.

तिनं ते वाचलं. मग म्हणाली, "हे आजून इथंच हाय व्हय?"

काकूंनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. चहा पार गार झालेला होता. त्यांनी पदरानं सुनेचा चेहरा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मामांनी थांबवून ठिवलंय. तुझ्याबद्दल बोलत हुते. म्या ऐकलंय समदं, सांगंन तुला निवांत."

बापूसाहेबांनी रिमोट उचलला आणि दाबला. पडदा हलला. थोडा वेळ भलतंच काहीतरी चाललं, मग निवेदिका आली, तिनं आकड्यांत गल्लत झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि अश्विनीच्या फोटोखाली हिरवी पट्टी आली. त्याबरोबर हॉलमध्ये टाळ्या पडल्या. निवडून आलेली बाई दारात उभी होती, आणि कार्यकर्ते तिच्याकडं पाठ करून टीव्हीसाठी टाळ्या वाजवत होते. भाऊसाहेबांनी पुढं होऊन तो हार तिच्या गळ्यात घातला. बापूसाहेब म्हणाले की त्यांना खात्री होतीच.

आता खरं तर इथं माझा संबंध संपायला हवा होता. पण गोष्ट तालुकाभर झाली. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांचं बोलणं पंजा दाखवून थांबवायला लागले. मग बापूसाहेबांनी सांगायला सुरुवात केली की डिस्क खराब होती, त्या बाईनं चुकीची बसवली. आठवड्याभरात ते स्वतः दुकानात आले. स्टुलावर बसले. कुणी विचारलं तर डिस्कच खराब होती असं सांगा, एवढीच त्यांची इच्छा होती. बदल्यात सोसायटीची सगळी मशीनं माझ्याकडं येतील असंही म्हणाले.

मी म्हटलं, बापूसाहेब, तुम्ही जे साठवायला सांगितलं ते तिनं साठवलं, आणि मागितलं तेव्हा दाखवलं. तिला मी खराब म्हणणार नाही. तुम्ही सांगा ना, मी टीव्ही थांबवला होता म्हणून.

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. "ते कसं सांगायचं?" म्हणाले. त्यात राग नव्हता, खरोखरीच विचारत होते. ते उठून गेले आणि डिस्कच खराब होती असंच सांगत राहिले. त्यांच्या गोतावळ्यातली बरीच कामं माझ्याकडून गेली. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. अडाण्यांनी केलेल्या बदनामीपेक्षा आपण ज्यांना सगळं समजावून सांगितलेलं असतं त्यांनी केलेली जास्त लागते.

अश्विनीला सासूनं निवांत काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तिनं भांडण काढलं नाही, वाकून नमस्कार करायची ती करत राहिली. पहिल्या बैठकीच्या दिवशी बापूसाहेब इस्त्रीचे कपडे घालून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. तिनं काचेपाशी जाऊन आदरानं सांगितलं की मामा, आत फक्त सदस्यांना बसू देतात, तुम्ही उगं बाहेर ताटकळाल. मग वस्तीवरच्या बायकांची जीप आली, तिच्यात बसून ती गेली. बापूसाहेब गाडीतच बसून राहिले. ड्रायव्हरनं विचारलं, गाडी कुठं घ्यायची? त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणून त्यानं ती धुवायला घेतली.

काही दिवसांनी काकूंचा मला फोन आला. हे सगळं काढून टाका, टीव्ही नुसता टीव्ही असू द्या. मी गेले तेव्हा हॉलमध्ये दोघंच होते. मी कॉम्प्युटरची वायर काढली, सेटटॉप बॉक्स सरळ टीव्हीला जोडला, डिस्क काढून पिशवीत टाकली. ती आता एका दूध संकलन केंद्राच्या कॅमेऱ्याला लावलेली आहे आणि रात्रंदिवस लिहिते आहे, कुरकुर नाही. टीव्ही लागला तर केबल चॅनेलवर पंचायत समितीची बैठक चालू होती. अश्विनी उभी राहून बोलत होती. शाळेतल्या मुलींच्या संडासाचं मंजूर काम कुणामुळं अडलं, हे विचारत होती. समोरचे अधिकारी कागद चाळत होते. ती म्हणाली, कागद सापडेपर्यंत मी उभी राहते.

बापूसाहेब सोफ्यावर पुढं सरकले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, हात शेजारी रिमोट चाचपत होता. थांबवायचा रिमोट डिस्कबरोबर माझ्या पिशवीत होता. त्यांनी तोंड उघडलं, पण पलीकडं ती बोलतच होती, आणि बोललं असतं तर तिचं हुकलं असतं. त्यांनी तोंड मिटलं. ती खाली बसेपर्यंत ते गप्प बसून ऐकत होते. एवढा वेळ गप्प बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांनीही बघितलं नसावं.

मग ते मागं टेकले. "बरी बोलली," म्हणाले. "पन मला इचारायला पायजे हुतं."

काकू शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमाला इचारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर आजून हितंच बसली असती."